पडद्यांवर न टेकणारा सूर

गोविंदराव टेंबे पेटीवर बसले की पेटी गायला लागते, असं त्यांच्या पिढीचे रसिक सांगत. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे हे गृहस्थ. १९११ साली ‘मानापमान’च्या चाली त्यांनी दिल्या. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त संगीत त्यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पण जुन्या कोल्हापूरकरांच्या मनात ते आधी पेटीवाले. आणि पेटीचं दुखणं त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पेटीला मींड नाही. साची पट्टी सोडायची, रेची दाबायची. या दोन सुरांच्या मधली जी वाट गळा सहज चालून जातो, ती पेटीच्या पोटात नाहीच. टेंबे ती वाट कानाला भासवत. हवा कमीजास्त करत, एक पट्टी सुटायच्या आत दुसरीवर बोट ठेवत. ही त्यांची करामत होती, वाद्याची नव्हे. याच उणिवेवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बंदी केली, आणि ती तीस वर्षं टिकली.

तरीही पेटी आपली झाली. ती फ्रान्समधून आली, हे आज भजनी मंडळातल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

सकाळी रियाजाच्या वेळी मनात येतं ते हे, की याच काळात आणखी एक परदेशी वाद्य आपल्या दारात आलं होतं. त्याच्याकडे नेमकी तीच गोष्ट होती जी पेटीकडे नव्हती. मींड त्याला शिकवावी लागली नाही. त्याचा जन्मच मींडेतून झालेला. त्या वाद्याला आपण ओसरीवर बसवलं, माजघरात घेतलं नाही. ते वाद्य म्हणजे स्टील गिटार. आपल्याकडे जुने वादक तिला हवाइयन गिटार म्हणतात.

ज्यांनी ती जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी घेतात. तारा पडद्यांपासून चांगल्या उंच उचललेल्या असतात, इतक्या की बोटाने दाबून पडद्याला टेकवायच्या म्हटल्या तरी जमू नये. डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत गोल तुकडा असतो. तो तारांवर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. पडदे गिटारीवर असतात खरे, पण ते फक्त खुणेपुरते, नजरेसाठी. पोलाद पडद्याच्या बरोबर वर आलं तर सूर, केसभर इकडे-तिकडे झालं तर बेसूर. पोलादाच्या मागे डाव्या हाताची बाकीची बोटं तारांवर हलकेच पडून असतात, म्हणजे मागची तार उगाच गुणगुणत नाही. हे शेवटचं काम दिसत नाही, पण नवशिक्या आणि जाणता यांतला फरक तिथेच कळतो.

एका आघातात निघालेला सूर किती काळ जिवंत राहतो, त्यावर या वाद्याचं सगळं गणित. तार छेडली की नाद मावळायला लागतो. तो मावळायच्या आत पोलाद जिथे पोचवायचं तिथे पोचवायचं. सतारीवर तार बाजूला ओढून चार-पाच सुरांची मींड निघते, त्यातही बोटं सोलून निघतात. इथे एकाच आघातात सप्तक ओलांडता येतं. आणि हाच या वाद्याचा मोठा धोकाही आहे. घसरणं इतकं सोपं, की कच्चा वादक प्रत्येक सुरावरून घसरतच राहतो. सगळं गाणं मग पाघळल्यासारखं होतं, एकही सूर जागेवर उभा राहत नाही. पोलाद कुठे सरकवायचं यापेक्षा कुठे उचलायचं, हे ज्याला उमगलं तो खरा स्टील गिटारवाला. आपल्याकडे अनेकांनी या वाद्याला ‘गोड पण पातळ’ म्हणून बाजूला सारलं, ते बहुधा असंच घसरगुंडीचं वादन ऐकून. दोष वाद्याचा नव्हता.

हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८९ च्या सुमारास ही पद्धत बसवली असं मानतात. आधी कंगवा, मग सुरीची पाठ, आणि शेवटी शाळेच्या कर्मशाळेत घडवलेला पोलादाचा तुकडा. त्याच्याही आधी गॅब्रिएल डॅवियन नावाचा एक तरुण तिथे गिटारीच्या तारांवर असंच काही सरकवून वाजवायचा, अशी नोंद सापडते. हा डॅवियन भारतात जन्मला होता आणि एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेलं होतं, असं त्या नोंदीत आहे. त्याने इथे लहानपणी काय ऐकलं असेल, याचा विचार मनातून जात नाही. आपल्या विचित्रवीणेत काचेचा गोळा तारांवरून असाच फिरतो. दक्षिणेत तर लाकडाचा गोळा तारांवरून सरकवायचं वाद्य मैफलीत मानाने बसलं, आणि त्याला तिथवर आणणाऱ्यांत तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव अग्रणी होते. नावावरूनच ओळख पटावी. तंजावरच्या मराठी परंपरेतला हा माणूस, कावेरीकाठी राहणारा. त्यांचं वाद्य गोट्टुवाद्यम, ज्याला आता चित्रवीणा म्हणतात. सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यरांसारखा गवई तरुणपणी त्यांच्याकडे शिकला. म्हणजे हवाईत केकुकू पोलाद सरकवत होता त्याच्या आगेमागेच एक मराठी कुटुंब तंजावर भागात लाकूड सरकवून कर्नाटक संगीताच्या गमका काढत होतं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. महाराष्ट्रात संगीताचा इतिहास लिहिताना सखाराम रावांचं नाव क्वचितच येतं, याची मला खंत वाटते.

हवाईचं वाद्य पुढे अमेरिकेत गेलं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांनी ते ऐकलं आणि तिथे त्याचं वेड पसरलं. दक्षिणेकडच्या कंट्री संगीताने ते उचललं, पुढे पायाने तार चढवायची-उतरवायची पेडलं लावली, आणि जगाने ठरवून टाकलं की हे गुराख्यांच्या गाण्यातलं रडवं वाद्य. विजेवर चालणारी, बाजारात खपलेली पहिली गिटार ही मांडीवरची स्टील गिटारच होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९३२ साली ती विक्रीला आली, ज्या वर्षी आपला ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. तिच्या आकारावरून तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणत.

पण वाद्याने लोकांचं हे ठरवणं ऐकलं नाही. फिलाडेल्फियाच्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये विली ईसन नावाच्या तरुणाने तिच्यावर प्रवचनकाराचा आणि भजन म्हणणाऱ्या बायकांचा आवाज काढायला सुरुवात केली. त्या पंथात आजही ऑर्गनच्या जागी स्टील गिटार वाजते. ब्रुकलिनच्या सँटो आणि जॉनी या दोन भावांनी १९५९ मध्ये ‘स्लीप वॉक’ नावाची बिनशब्दांची धून वाजवली, ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. नायजेरियात किंग सनी आडे यांनी आपल्या जुजू संगीतात, बोलणाऱ्या ढोलांच्या शेजारी, पेडल स्टील बसवली. आणि १९८३ मध्ये ब्रायन ईनोने चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या चित्रपटासाठी संगीत केलं, तेव्हा त्या निर्वात काळोखासाठी डॅनियल लॅन्वाची स्टील गिटारच घेतली. अंतराळवीर यानात कंट्री गाण्यांच्या टेपा घेऊन गेले होते, त्याची ती आठवण. ही सगळी उदाहरणं मला एकच गोष्ट सांगतात. जिथे माणसाचा गळा सुरावरून सुरावर वळत जातो, तिथे हे वाद्य रुजतं. मग तो गळा चर्चमधला असो, लागोसमधला असो की आपल्याकडचा.

आपल्याकडे ते आलं कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या हॉटेलांतून. ताऊ मो हा सामोआत जन्मलेला वादक बायको-मुलांसह जगभर फिरत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिला, आणि गार्नी निस यांच्यासारख्यांनी त्याच्याकडून घेतलं. मग बंगालने हे वाद्य घरात घेतलं. काझी नजरुल इस्लामांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध ते वाजवत. सुनील गांगुली यांच्या तबकड्या देशभर खपल्या. मुंबईत व्हॅन शिप्ले होते, लखनौहून आलेले. त्यांची विजेची गिटार आणि आपल्या पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचा अ‍ॅकॉर्डियन यांच्या तबकड्या एकेकाळी लग्नाच्या मांडवापासून इराण्याच्या हॉटेलापर्यंत सगळीकडे वाजायच्या. सिनेमातलीच गाणी, पण शब्द वजा करून.

रेडिओवर ही गिटार यायची ती दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत. बातम्यांना मिनिटभर अवकाश आहे, लावा गिटार. नभोनाट्य लवकर संपलं, लावा गिटार. निवेदक बोलायला लागला की मधेच तिचा आवाज ओढून घेतला जायचा. माझ्या पिढीचे कान या तुकड्यांवर वाढले, आणि त्या तुकड्यांबद्दल मला प्रेमच आहे. पण त्यामुळे एक सवय लागली ती वाईट. गिटारवर ओळखीची चाल आली की आपण मनात शब्द म्हणायला लागतो. अर्धं काम आपली आठवण करते, गिटारीला बोलायला उरतंच काय? ती वाजत असते आणि आपण मात्र लताबाईंना ऐकत असतो. कुणी एकदा तिचं स्वतःचं म्हणणं ऐकायला बसलं नाही.

जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा बसले. वडिलांना सतारीचं वेड, थोरले बंधू दामोदरलाल सरोदवर, घरात अली अकबर खाँसाहेबांचा राबता. अशा घरात हा मुलगा म्हणाला, मी गिटार वाजवीन आणि तिच्यावर रागच वाजवीन. त्यांनी अली अकबरांचं शिष्यत्व पत्करलं, गिटारीला चिकारीची तार जोडली, आणि सिनेमाच्या चालीला हात लावायचा नाही असं ठरवलं. १९६७ मध्ये एचएमव्हीने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, काबरांची गिटार आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका धनगराचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत. संतूर आणि बासरी पुढे जगभर गेली, ते योग्यच झालं. पण मी ती तबकडी ऐकतो ती गिटारसाठी.

सुरुवात अहिर भैरवाने होते, सकाळच्या रागाने. या रागातला कोमल रिषभ सरळ उभा करून चालत नाही. तो षड्जाच्या कडेने वर येतो, थोडा हलतो आणि पुन्हा षड्जाकडे पाहतो. संतूरवर ही हालचाल लहान लहान टिपक्यांनी सुचवावी लागते, कारण तारेवर काठीचा आघात झाला की सूर तिथेच ठरला. बासरीला श्वास आहे, ती ते करते. गिटारीला श्वास नाही, तरी ती ते करते, आणि जरा वेगळ्या तऱ्हेने. आघात होतो षड्जावर. रिषभावर दुसरा आघात नसतो. तिथे फक्त मावळत चाललेला नाद सरकून येतो. म्हणून तो रिषभ ऐकताना तो वाजवला असं वाटतच नाही, तो उमटला असं वाटतं. हे मला दुसऱ्या कुठल्या तंतुवाद्यात इतक्या उघडपणे ऐकू आलेलं नाही.

पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारीला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली. राय कूडर या अमेरिकन वादकाबरोबर त्यांची जेमतेम ओळख झाली होती तेव्हाच दोघांनी बसून ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ वाजवली, आणि १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. काबरांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी तर चतुरंगी, गांधर्वी, आनंदी अशी घराणीच उभी केली गिटारीची. या सगळ्यांचं कर्तृत्व मोठं. तरी माझी आवड सांगायची तर मला काबरांची उघडी गिटार जास्त जवळची. तरफा आल्या की प्रत्येक सुरामागे एक झगमग येते, दोन सुरांमधली शांतता भरून जाते. काबरांच्या गिटारीत ती शांतता मोकळी राहते, आणि पोलाद तारेवरून जाताना होणारी बारीक खरखरही ऐकू येते. मला ती खरखर हवी आहे.

आता कोल्हापूरकडे येतो. या गावाच्या कानाची घडण वेगळी आहे. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणलं आणि ते महाराजांच्या अखेरपर्यंत इथे राहिले. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ तर कोल्हापूरचेच झाले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले. खाँसाहेबांच्या या गायकीत आकाराला जो मान आहे तो क्वचित दुसरीकडे असेल. बंदिशीचे शब्द दोन ओळींचे, मग तासभर गळा नुसत्या आकारावर चाललेला. सुराला सूर लागून, मधे तुटायचं नाही आणि पाघळायचंही नाही. मोगूबाई, केसरबाई ऐकत वाढलेल्या श्रोत्याला शब्दांशिवाय ऐकायला शिकवावं लागत नाही. स्टील गिटारीची कसोटी तीच जी या गायकीची: सूर जोडायचा, पण प्रत्येक सुराला आपली जागा राखू द्यायची. मग हे वाद्य या गावात परकं का राहिलं?

मला वाटतं कारण साधं आहे. पेटी गवयाच्या शेजारी बसली. गवयाला आधार हवा, पेटी तो देते. तिचा सूर उतरत नाही, नाटकगृहात विजेशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, आणि बैलगाडीतून नेली तरी तिला काही होत नाही. गिटारीला हे काही जमणारं नव्हतं. ती हळू बोलते, तिला वीज लागते, आणि ती साथीला बसली तर गवयाशी स्पर्धाच करेल, कारण तिच्यापाशी मींड आहे. साथीची जागा मिळाली नाही म्हणून मैफलीचं दार उघडलं नाही. एकटी म्हणून तिला बोलवायचं तर तिच्याकडे घराणं नव्हतं, फक्त सिनेमाच्या चाली होत्या. मींड नसलेली पेटी आत आणि मींडवाली गिटार बाहेर, हे असं घडलं. यात पेटीवर राग नाही; टेंब्यांच्या गावात तो धरताही येणार नाही.

पण आता ती अडचण उरलेली नाही. ध्वनिवर्धक सगळीकडे आहेत. रागवाले वादक आहेत, बंगाल-राजस्थानात आहेत तसे मुंबईतही आहेत. आणि पन्नास किलोमीटरवर मिरज आहे. तिथल्या शिकलगार मंडळींनी तलवारींना धार लावायचं सोडून सतारी घडवायला घेतल्या त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीवर कानस फिरवून जवारी काढणाऱ्या त्या हातांना गिटारीची घोडी उंचावणं, तरफा बसवणं अवघड जाऊ नये. कुणी तिथे जाऊन मागायला हवं.

आणि हवाइयन गिटारी आपल्याच घरांत आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हौसेने शिकलेल्या काकांच्या, आत्यांच्या. कपाटावर खोळीत गुंडाळलेल्या, पोलादाचा तुकडा खिळ्यांच्या डब्यात. त्या खाली काढा. तारा बदला, त्या महाग नसतात. घरात कुणी पोर गाणं शिकत असेल तर तिच्या मांडीवर ठेवा, आणि सिनेमाची चाल वाजवू नकोस, भूपाचं सरगम वाजव म्हणा. पाचच सूर आहेत. पण तारेवर ते पाच सूर नेमके सापडायला तिचे कान जेवढे उघडतील तेवढे पेटीवर कधीच उघडणार नाहीत, कारण पेटी तिला सूर आयता देते.

१८८३ पासून गाण्याची सेवा करणारा गायन समाज देवल क्लब आपल्या गावात आहे, त्याखेरीज लहानमोठी मंडळं आहेत. त्या सगळ्यांना एक विनंती. यंदा एखादी सकाळची मैफल स्टील गिटारची ठेवा. एकट्या गिटारची, साथीला फक्त तबला आणि तंबोरा. रविवारी सकाळी सातला ठेवा, अहिर भैरव लावता येईल. आणि तुम्ही वाचणारे, तोवर आज चहा झाल्यावर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची पहिली बाजू ऐका. मोबाइलवर सहज मिळते.